घोटाळ्यांच्या तपासात वकिलाला काम असतं का?

एलएलबीनंतर सरकारी देखरेख आणि घोटाळ्यांच्या तपासात वकिलाला काम मिळतं, की ते पोलीस आणि सीएंचंच क्षेत्र आहे, असं तुम्ही विचारलंय. काम भरपूर आहे. पुण्यात तर दाराशीच आहे, कारण राज्याचं सहकार आयुक्तालय इथेच आहे. मी पतसंस्थांची प्रकरणं बघते, त्यातलंच सांगते.

बरेच जण एमपीएससीची सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा सुचवतील. मार्ग चांगलाच आहे. पण आधी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधली कलम 83 आणि 88 वाचा. 83 खाली संस्थेच्या कारभाराची चौकशी होते. 88 खाली नुकसान कुणामुळे झालं ते ठरवून त्याच्याकडून वसुलीचा आदेश निघतो. सहकारी संस्थांचे निबंधक स्वतः चौकशी करतात किंवा कुणाला तरी प्राधिकृत करतात.

अशा चौकशीत समोर कर्जाच्या फायलींचा ढीग असतो. 31 मार्चला एक कर्ज मंजूर, आणि त्याच दिवशी तेवढीच रक्कम कर्जदाराच्या भावाच्या थकीत खात्यात जमा. नवं-जुनं केलं, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडल्याचं दाखवून थकबाकी झाकली. इथवर सीए दाखवून देतो. हे संचालकांना ठाऊक होतं का, ते वकिलाला शोधावं लागतं. मग इतिवृत्ताची वही उघडायची. सूचक कोण, अनुमोदक कोण, हजेरीत सही कुणाची, विरोध कुणी नोंदवलाय का? दोन ठरावांमधल्या जागेत बारीक अक्षरात तिसरा कोंबलेला दिसला, तर वहीचं ते पान सोडायचं नाही.

बुडालेलं प्रत्येक कर्ज म्हणजे घोटाळा नव्हे, हे मी फार मानते. सभेला नसलेल्या संचालकावर सरसकट रक्कम बसवली, तर आदेश अपिलात उडतो, आणि उडायलाच हवा. पण त्यात वर्षं जातात, आणि आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार खेटे घालत राहतात. म्हणून पहिलाच आदेश पक्का हवा.

फौजदारी बाजूला 1999 चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत देण्याची सोय आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. संगणकातल्या खातेउताऱ्याला हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) प्रमाणपत्र लागतं, ते आधीच तयार ठेवा.

रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद वाचायला आजपासून शिका. मग सहकार न्यायालयात काम करणारे सीनियर गाठा आणि 83 चा एखादा जुना अहवाल मागून घ्या. तो वाचताना कंटाळा आला नाही, तर बेलाशक या क्षेत्रात या.