कृषी सल्ला: कुणग्यात खाणीची माती उतरली, तर तपासायचे काय?

प्रश्न (लालबाग): गाव सिंधुदुर्गात आहे. लोहखनिजाच्या खाणीच्या ढिगाऱ्यावरची लाल माती दर पावसाळ्यात आमच्या कुणग्यांत (भाताच्या खाचरांत) उतरते. भाताची पाने तांबूस पडतात. गणपतीला गेलो तेव्हा पिशवीभर माती आणून मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दिली. अहवालात लोह 21 टक्के, आर्सेनिक किलोला 18 मिलिग्रॅम. जमीन गेली का?

उत्तर: 21 टक्क्यांनी घाबरू नका. तो एकूण लोहाचा आकडा आहे, म्हणजे माती कडक आम्लात उकळून निघालेले सगळे लोह. गावच्या घराच्या चिऱ्याची पूड करून दिलीत तरी आकडा मोठाच येईल, लोहाने भरलेला जांभा दगडच तो! भाताचे मूळ काही आम्लात उकळत नाही.

हे लोह बहुतेक हेमाटाइट आणि गोथाइट या खनिजांत अडकलेले असते. पाणी न साचणाऱ्या वरकस जमिनीत, नाचणीखाली, ते तसेच पडून राहील. कुणग्यात मात्र पाणी तुंबले की मातीतली हवा संपते आणि जिवाणू त्याच लोहाला विरघळणारे रूप देतात. पानावर तांबूस ठिपके आणि मुळांवर लाल लेप दिसतो तो त्यामुळे. गोथाइटच्या कणांना आर्सेनिक चिकटून बसते, कण विरघळला की तेही सुटते. म्हणून माझे लक्ष अहवालातल्या दुसऱ्या आकड्याकडे जास्त आहे.

सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यांत आर्सेनिक, शिसे, कॅडमियम नाहीत. ते वेगळे मागावे लागतात. सामू (pH, म्हणजे मातीचा आम्लपणा), विद्युत वाहकता (मातीतले क्षार) आणि डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने निघणारे, म्हणजे पिकाला मिळू शकणारे लोह, मँगनीज, जस्त, तांबे एवढे करून घ्या. आर्सेनिक डीटीपीएने नीट निघत नाही, त्यासाठी फॉस्फेटचे द्रावण वापरतात का ते विचारा. खनिजे ओळखायला क्ष-किरण विवर्तन चाचणी असते, पण तुमच्या कामाला मी आधी तांदूळच तपासायला सांगेन. असेंद्रिय (जास्त विषारी रूपातल्या) आर्सेनिकची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली मर्यादा पांढऱ्या तांदळाला किलोमागे 0.2 आणि बिनपॉलिशच्या तांदळाला 0.35 मिलिग्रॅम आहे. मुंबईला पोती आणून वर्षभर घरचाच भात खात असाल तर हा खर्च टाळू नका.

आणि एका पिशवीवर निकाल लावू नका. पाणी शिरते ते तोंड, कुणग्याचा मध्य आणि गाळ न पोचलेला शेजारचा कुणगा, असे तीन वेगळे नमुने घ्या. तिसरा नसेल तर पहिल्या दोघांची तुलना कशाशी करणार? वरचा लाल थर आणि खालची मूळ माती एकत्र करू नका. गंजके फावडे नको, बांबूची कामटी चालेल. माती सावलीत वाळवा आणि एसटीत खताच्या गोणीशेजारी ठेवू नका.

तोवर वरच्या बाजूला गाळ अडवणारा चर काढा. फुटवे येताना काही दिवस पाणी काढून जमीन भेगाळू द्या. पालाश (पोटॅश) खत चुकवू नका. चुना सामू पाहूनच.

प्रश्न (गोराई): वाडीत खदानीची काळी डस्ट टाकली आहे. तीही विषारी का?

उत्तर: तो सह्याद्रीचाच काळा दगड. तांबे, निकेल, क्रोमियम त्यात मुळातच बऱ्यापैकी असते आणि खनिजांत घट्ट बसलेले असते. बारीक भुकटीने जमिनीवर पापुद्रा धरतो, त्रास तेवढाच. पण डस्टच्या नावाखाली जुन्या इमारतीचे डेब्रिज आले असेल तर शिसे तपासल्याशिवाय तिथे पालक, माठ लावू नका. जुन्या रंगात शिसे असायचे.