मार्केटिंगमध्ये ओळखी लागतात का? लागतात; पण कोणाच्या, ते आधी पाहा

तुमच्या घरात या क्षेत्रातले कोणी नाही, शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी झाले आहे, एमबीए यंदा पूर्ण होईल, आणि ओळखींच्या आधारे मार्केटिंगमध्ये करिअर कसे उभारावे असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी ‘की हा सगळा वशिल्याचाच खेळ आहे?’ असेही लिहिले आहे. त्या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो, कारण मी औषध कंपनीच्या फील्डवरून मुंबईच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीममध्ये, म्हणजे आमच्या भाषेत पीएमटीत, गेलो तेव्हा माझ्या रिजनल मॅनेजरांनी भरलेल्या सायकल मीटिंगमध्ये, म्हणजे फील्डवरच्या सर्वांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या बैठकीत, ‘तो ओळखीने गेला’ असे सर्वांना सांगितले होते. ओळखीने गेलो हे खरेच आहे. परंतु ती ओळख कशी झाली, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ती होऊ नये म्हणून सर्वांत जास्त प्रयत्नही त्यांनीच केले होते.

मी तेव्हा एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधे समजावून सांगणारा प्रतिनिधी, होतो. माझे हेडक्वार्टर लातूर होते; औसा एक्स-स्टेशन, म्हणजे जवळचे गाव, उदगीर आणि अहमदपूर आउट-स्टेशन, म्हणजे दूरची गावे. माझ्या आधीचा एमआर नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या काळातील मुदतबाह्य मालाचे क्लेम, म्हणजे भरपाईचे दावे, तसेच पडून होते. किरकोळ दुकानदार तो माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे कंपनीच्या घाऊक वितरकाकडे, परत करीत, स्टॉकिस्ट तो कंपनीच्या नावाने खोक्यांत भरून ठेवी, आणि भिवंडीच्या डेपोतून क्रेडिट नोट, म्हणजे त्या मालाची रक्कम खात्यात जमा केल्याची चिठ्ठी, काही येत नसे. ज्यांना ही किरकोळ कटकट वाटते, त्यांनी हिशेब पाहावा. किंमत-नियंत्रणात नसलेल्या औषधांवर दुकानदाराला साधारण २० टक्के आणि स्टॉकिस्टला १० टक्के देण्याची या व्यापाराची रूढी आहे. त्या १० टक्क्यांतून स्टॉकिस्टला गाळ्याचे भाडे, माणसांचे पगार आणि दुकानदारांची उधारी सांभाळायची असते. क्लेम अडला की त्याचे स्वतःचे पैसे अडतात. साहजिकच आमच्या कंपनीचा माल उचलताना त्याचा हात आखडता असे, आणि दुकानात माल नसेल तर डॉक्टरांपुढे कितीही उत्तम डिटेलिंग केले, म्हणजे औषधाची माहिती मांडली, तरी लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याच ब्रँडवर जाते.

स्टॉकिस्टकडे एक वयस्क हिशेबनीस होते. संध्याकाळचे कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, संपले की मी त्यांच्याजवळ बसून एकेका खोक्यातील माल बॅच क्रमांकानुसार लावू लागलो. कोणत्या बिलाचा माल, कधी आला, कंपनीच्या नियमात कोणता बसतो आणि कोणता बसत नाही, याच्या याद्या करून मी भिवंडीला पाठवीत राहिलो आणि उत्तर येईपर्यंत फोन करीत राहिलो. रिजनल मॅनेजरांचे म्हणणे ठाम होते: हे एमआरचे काम नव्हे, तेवढ्या वेळात दोन डॉक्टर झाले असते, आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याने मोठ्या डॉक्टरांत आणि हेड ऑफिसच्या माणसांत ऊठबस ठेवावी. ते स्वतः तशी ठेवीत असत. विमानतळावर कोणाला घ्यायला जायचे आणि कोणाच्या घरच्या कार्याला हजर राहायचे, हे त्यांना तोंडपाठ होते.

क्रेडिट नोटा हळूहळू आल्या, आणि त्यानंतर जे घडले ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जात नाही. दुकानदार माझ्याशी खरे बोलू लागले. आरसीपीए, म्हणजे कोणत्या डॉक्टरच्या कोणत्या चिठ्ठ्या येतात याची दुकानावरची पाहणी, प्रत्येक एमआरला करावीच लागते. पण बहुतेक दुकानदार समोरच्याला बरे वाटेल असे काहीतरी सांगून वाटेला लावतात. मला ते प्रत्यक्ष चिठ्ठ्या दाखवू लागले. आणि त्या मुदतबाह्य खोक्यांतच मला आमच्या लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न सापडला. आमची पट्टी १५ गोळ्यांची होती, स्पर्धकाची १० गोळ्यांची. गावाकडून आलेल्या गरोदर बाईच्या घरचे लोक हातात असतील तेवढ्या पैशांत बसेल इतकेच औषध घेत, त्यामुळे दुकानदाराला आमची पट्टी कापावी लागे. कापलेल्या तुकड्यावर बॅच आणि मुदतीची तारीख राहत नसे, तो नंतर कोणी घेत नसे, आणि असा तुकडा क्लेममध्येही चालत नसे. म्हणजे आमची प्रत्येक पट्टी विकताना दुकानदाराच्या गल्ल्यातून थोडे पैसे जात होते, आणि आम्ही मात्र त्याच डॉक्टरांना पुन्हा पुन्हा व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाची सचित्र माहितीपत्रके, दाखवीत होतो.

मुंबईहून त्या ब्रँडच्या प्रॉडक्ट मॅनेजर फील्डवर्कसाठी आल्या, तेव्हा ठरलेल्या डॉक्टरांच्या भेटी झाल्यावर मी त्यांना स्टॉकिस्टच्या गोदामात नेऊन ते खोके दाखवले. त्यांनी हिशेबनिसांना तासभर प्रश्न विचारले आणि सगळे लिहून घेतले. पुढे त्या ब्रँडची १० गोळ्यांची पट्टी बाजारात आली. तिचे श्रेय मी घेत नाही. तसा विचार आधीपासून चालू असू शकेल. त्यानंतर त्या बाई दुसऱ्या कंपनीत गेल्या. आमचा संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता राहिला, आणि ग्रामीण दुकानांविषयी काही अडले तर त्या मला विचारीत. त्यांच्या नव्या टीममध्ये प्रॉडक्ट एक्झिक्युटिव्हची जागा निघाली तेव्हा त्यांनी मला फक्त कळवले. पुढे लेखी ब्रँड प्लॅन मी दिला, दोन मुलाखती मी दिल्या, आणि निवडीच्या बैठकीत त्या बसल्याही नव्हत्या. माणसाचे काम न पाहता त्याच्यासाठी शब्द टाकला जातो तेव्हा त्याला वशिला म्हणावे. काम डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीने रिकाम्या जागेची बातमी दिली, याला तो शब्द लावणे अन्याय आहे, आणि असे म्हणणाऱ्या माणसाला त्या कामाची माहिती असेल तर तो खोटेपणाही आहे.

नोकरीची बातमी बहुधा अशाच दूरच्या परिचितांकडून येते, याचा अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी मांडली. परिचितांमार्फत नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, तर २७.८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे: रोजच्या मित्रांना तेच ठाऊक असते जे तुम्हाला ठाऊक असते. २०२२ साली सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यांतही फार जवळचे नाहीत आणि अगदी परकेही नाहीत, असे मधल्या अंतरावरचे परिचितच नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरले.

माझ्या मॅनेजरांच्या शिकवणीविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कंपनीच्या पैशावर जोडलेली ओळख कंपनीची असते. नोकरी सुटली की ती तुमच्याबरोबर येत नाही. आमच्या क्षेत्रात तर तिच्यावर कायद्यानेही बंधने आली. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नयेत हा नियम डिसेंबर २००९ मध्ये झाला, अशा भेटवस्तूंचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरात वजा करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारची औषध विपणनाची एकसमान संहिता आली. ज्यांचे डॉक्टरांशी संबंध भेटवस्तूंवरच उभे होते, त्यांच्यापैकी अनेकांना आज डॉक्टरांसमोर पाच मिनिटे बोलण्यासारखे काही उरलेले नाही, हे मी जवळून पाहिले आहे. त्या हिशेबनिसांशी मात्र कंपनी बदलल्यावरही माझे बोलणे चालू राहिले, आणि मराठवाड्यात कोणत्या औषधाला उठाव आहे हे मला त्यांच्याकडून अहवालांच्या आधी कळत असे.

तुम्ही लिंक्डइनविषयीही विचारले आहे. अनोळखी माणसाला ‘सर, कृपया रेफर करा’ असा संदेश पाठवू नका. त्याला तुमच्याविषयी काहीच माहीत नसताना तो कोणत्या आधारावर नाव पुढे करणार? तुमच्याच कॉलेजमधून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या व्यक्तीला तिच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, उत्तर आले तर त्याचा काय उपयोग झाला ते नंतर कळवा, आणि नोकरीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. त्याहून अधिक मोलाचे म्हणजे, तुमच्या शहरात औषधांचा, बियाण्यांचा किंवा किराणा मालाचा जो वितरक असेल, त्याच्याकडे महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीचा हिशेब बंद करण्याच्या, दिवसांत बसण्याची परवानगी मागा. कंपन्या महिन्याच्या शेवटी माल कसा लोटतात, वितरक तो का नाकारतो आणि परतीचा माल कोणत्या कारणाने येतो, हे पाहिलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा ओळखू येतो. मी स्वतः मुलाखती घेताना हेच विचारतो.

माझा अनुभव फील्डवर चालणाऱ्या क्षेत्राचा आहे, हे लक्षात ठेवावे. मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांच्या ब्रँड विभागांत पहिला प्रवेश बहुधा ठरावीक संस्थांच्या कॅम्पसमधूनच होतो. तेथे गोदामात बसून दार उघडेल असे मी म्हणणार नाही. शिवाय मला संध्याकाळी स्टॉकिस्टच्या गोदामात बसता आले आणि उदगीरहून उशिराच्या एसटीने परतता आले, हे मी पुरुष असल्यामुळे सोपे गेले. माझ्या बरोबरीच्या महिला एमआरना ही मोकळीक नव्हती, दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर होणाऱ्या गप्पांतही त्यांना जागा नव्हती, आणि तेवढ्यामुळे कित्येक बातम्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. तुम्ही मुलगी असाल तर माझा रस्ता जसाच्या तसा घेऊ नका. वितरकाकडे दुपारच्या वेळी जा आणि एखाद्या मैत्रिणीला बरोबर न्या. तरीही मोठ्या माणसांमागे हिंडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला एवढेच विचारा की त्या मोठ्या माणसांपैकी कोणी त्याचे काम कधी पाहिले आहे का. मी हा प्रश्न माझ्या रिजनल मॅनेजरांना त्याच मीटिंगमध्ये विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही आणि चहाची सुटी जाहीर केली.