कंपनीत इन-हाउस वकील म्हणून समाधानाचं करिअर होतं का?
होतं, पण ‘हे चालणार नाही’ एवढंच म्हणत बसलात तर नाही. मग सेल्सवाले करार तुमच्याकडे सहीच्या आदल्या संध्याकाळी पाठवतात, तेही नाइलाजाने. आधी कंपनीचा पैसा कुठून येतो ते समजून घ्या. नुकसानभरपाईच्या कलमाला मर्यादाच नाही असं दिसलं, की नुसता लाल शेरा मारू नका; ‘जबाबदारी या कराराच्या वर्षभराच्या फीपुरती’ असा पर्यायी मजकूरच लिहून द्या. आणि मत दोन ओळींत द्या, सात पानं कोणी वाचत नाही (मीही नाही). मात्र तुमचा अशील कंपनी आहे, तुम्हाला नेमणारा साहेब नव्हे. बढतीच्या पायऱ्या मोजक्याच असतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी विषय बदलून मागा: डेटा प्रायव्हसी, कामगार कायदा, काहीही.