मॅनेजमेंट सर्व्हर बंद तरी शाखा चालू, मग दुसरा कशाला?

प्रश्न : भाऊ, आमच्या पतसंस्थेचं हेड ऑफिस दारव्ह्याला अन शाखा दिग्रस, आर्णी, नेरला. सगळीकडं चेक पॉइंट कंपनीचे फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासून अडवणारी यंत्रं), त्यांचा कंट्रोल मात्र दारव्ह्याच्या एकाच मॅनेजमेंट सर्व्हरवर. उन्हाळ्यात विजेची लाइन सारखी येऊन-जाऊन राहिली होती, त्यात तो बंद पडला, तरी शाखांचं काम थांबलं नाही. आता दुसऱ्या सर्व्हरचा खर्च काहून, असं संचालक मंडळ विचारून राहिलं. काय सांगू?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काम थांबलं नाही कारण शेवटी इन्स्टॉल केलेली पॉलिसी, म्हणजे काय येऊ-जाऊ द्यायचं त्याचे नियम, फायरवॉलजवळच असते, लॉगही (ये-जाची नोंद) तो तेवढा वेळ आपल्याच डिस्कवर लिहितो. पण त्याच दिवशी आर्णीच्या पीसीत व्हायरस घुसला असता अन नवा नियम टाकून तो अडवायचा असता तर कुठून टाकला असता? अन शाखांचं व्हीपीएन (इंटरनेटवरून शाखा सुरक्षित जोडणारी व्यवस्था) सर्टिफिकेटवर, म्हणजे डिजिटल ओळखपत्रावर, असेल तर रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, याच सर्व्हरकडून येते, बरेच दिवस तो बंद राहिला की यादीची मुदत संपते अन टनेल, म्हणजे शाखांमधली ती जोडणी, उठत नाही. मंडळाला हेच सांगा.

दुसरा घ्याच, पण त्याच खोलीत त्याच यूपीएसवर ठेवू नका हो, एक वीज कडाडली की दोन्ही जातील, दिग्रसला ठेवा. इन्स्टॉल करतानाच सेकंडरी (दुय्यम) निवडायचं, व्हर्जन अन हॉटफिक्स (कंपनीच्या छोट्या दुरुस्त्या) पहिल्यासारखेच पाहिजेत. वन-टाइम पासवर्डनं दोघं जोडले की पहिला सिंक (दोन्हीकडची माहिती सारखी करणं) सुरू होतो, इंटरनेटची लाइन हळू असली तर वेळ घेईल, घेऊ द्या. मग सगळ्या फायरवॉलवर पॉलिसी परत इन्स्टॉल करा, लोक हे हमखास विसरतात अन फायरवॉलला दुसरा सर्व्हर ओळखूच येत नाही.

अन महत्त्वाचं म्हणजे दुसरा आपोआप ताबा घेत नाही, स्मार्टकन्सोल या कंट्रोलच्या प्रोग्राममधून त्याच्यावर लॉगिन करून हातानं अॅक्टिव्ह करावं लागतं. आधी दारव्ह्याला फोन करून पहिला खरंच बंद आहे का ते विचारा, कारण नुसती मधली इंटरनेटची लाइन तुटली असेल अन दोन्ही अॅक्टिव्ह होऊन दोन्हीकडं बदल झाले तर एका बाजूचे बदल गमवावे लागतात.

सिंक म्हणजे बॅकअप नाही बरं. चुकून उडवलेला नियम दुसरीकडूनही उडतो, म्हणून बॅकअप वेगळ्या डिस्कवर नियमित घ्या. एखाद्या रविवारी मुद्दाम दिग्रसचा अॅक्टिव्ह करून तिथून नेरच्या फायरवॉलवर पॉलिसी इन्स्टॉल होते का बघा, अन दिग्रसच्या सर्व्हरचं लॉगिन सीलबंद पाकिटात तिथल्या तिजोरीत ठेवा.