घोडा पाळायचा तर महिन्याचा खर्च कसा धरावा?

खरेदीची किंमत बाजूला ठेवा आणि हिशेब चाऱ्यापासून सुरू करा. घोडा फिरो वा उभा राहो, तोंड दिवसभर चालूच असतं. त्याला रोज वजनाच्या साधारण २ टक्के सुका चारा लागतो. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ९ किलो, महिन्याला २७० किलो. पायाखाली तुडवला जातो तो धरून ३०० किलोंचा भाव काढा. पेंढी मोजू नका, काट्यावर तोला. दोन सारख्या दिसणाऱ्या पेंढ्यांत किलो-दोन किलोंचा फरक सहज निघतो. दाण्याचा खुराक मेहनतीप्रमाणे, खडा मीठ मात्र कायम. मी स्वतः घोडी सांभाळते, त्यावरून सांगते, की लोक चारा धरतात आणि हे विसरतात:

- नालबंद: दर ६ ते ८ आठवड्यांनी. नाल नसली तरी खूर वाढतातच.
- लसी (धनुर्वाताची तर हवीच), लिदेची तपासणी करून जंताचं औषध, वर्षातून एकदा दातांच्या टोकदार कडा कानशीने घासून घेणं.
- तबेल्यातलं अंथरूण आणि रजेच्या दिवशीचा बदली माणूस.

वर्षाचे खर्च बाराने भागून दरमहा वेगळे काढा. पोटशुळासाठीची रक्कम त्याहून निराळी ठेवा आणि तिला हात लावू नका. मध्यरात्री घोडा लोळायला लागला, वळून वळून पोटाकडे बघायला लागला, की डॉक्टरला तेव्हाच बोलवावं लागतं. हाताशी चांगलं कुरण असेल तर चाऱ्याचा आकडा बराच उतरेल, पण गवत हिरवं असेल तेवढेच महिने.