तलवार आणि शेकोटी

प्रभूमध्ये प्रिय मित्रास,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. खोट्या हिशेबावर तू एकदा सही केलीस, आता पुन्हा करायला सांगताहेत. 'विश्वासासाठी मरायची वेळ आली तर मरेन, पण साहेबांपुढे तोंड उघडत नाही,' असं तू लिहिलं आहेस. या वाक्याची लाज वाटून घेऊ नकोस. येशूचा शिष्य पेत्र याचंही नेमकं हेच झालं होतं.

येशूला अटक झाली त्या रात्रीचा क्रम चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाच. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं पेत्र छातीठोकपणे म्हणाला. गेथशेमाने बागेत घटकाभर जागं राहायला सांगितलं होतं, तिथे तो झोपला. शस्त्रं घेतलेला जमाव आला तेव्हा मात्र त्यानं तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा कान कापला. म्हणजे गडी भित्रा नव्हता. तोच गडी थोड्या वेळानं अंगणात एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे कोलमडला आणि येशूला ओळखतच नाही म्हणाला. लढून मरायची तयारी त्यानं मनातल्या मनात केली होती. शेकोटीभोवतीच्या परक्या माणसांत एकटं पडायची केली नव्हती. प्रभूनं सांगितलेली तयारी, म्हणजे जागं राहून प्रार्थना करणं, ती तर झोपेतच गेली.

म्हणून आधी भीतीला नेमकं नाव दे. 'भीती वाटते' एवढ्यानं भागत नाही. कागदावर एका ओळीत लिही: नकार दिला तर माझं नेमकं काय जाईल? नोकरी, बढती, साहेबांची मर्जी, की सहकाऱ्यांतलं बसणं-उठणं? पुष्कळदा आपण 'नोकरी' म्हणतो आणि खरी भीती मर्जी जाण्याची असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नोकरी जाण्याच्या भीतीला हाताशी पैसा आणि घरच्यांची साथ लागते. मर्जी जाण्याच्या भीतीला फक्त सराव लागतो.

आता उलट बाजूची चूक, कारण तुझ्या वयात तीही मोह घालते. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहराच्या ख्रिस्ती मंडळीनं आपला बिशप पॉलिकार्प याच्या रक्तसाक्षीचा, म्हणजे विश्वासासाठी पत्करलेल्या मरणाचा, वृत्तांत लिहून ठेवला. त्यात फ्रुगियाचा क्विंटस नावाचा एक जण आहे. तो आपणहून पुढे झाला, आणखी काहींनाही पुढे केलं, आणि अंगावर सोडायची श्वापदं दिसताच घाबरून मूर्तीपुढे यज्ञ करून मोकळा झाला. वृद्ध पॉलिकार्प मात्र आधी गावाबाहेर निघून गेला होता; पकडायला आले तेव्हा पळाला नाही, त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि स्वतः प्रार्थनेला उभा राहिला. आपणहून स्वतःला सोपवणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असं त्या मंडळीनं स्पष्ट लिहिलं आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेनं तर ठरवलं की कुणी मूर्ती फोडायला गेला आणि तिथे मारला गेला, तर त्याला रक्तसाक्ष्यांत धरू नये. मध्ययुगातला धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस धैर्याचं मुख्य काम हल्ला करणं नव्हे, तग धरणं आहे असं सांगतो आणि कारणही देतो: हल्ला करणारा स्वतःला वरचढ समजत असतो, आणि तो क्षणात उरकतो, तग धरणाऱ्यावर संकट येऊन आदळलेलं असतं आणि त्याला टिकायचं असतं.

मग पळणं म्हणजे भ्याडपणा का? एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, ही प्रभूचीच आज्ञा आहे. प्रेषित पौलाला दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पाटीत बसवून शहराच्या तटावरून खाली सोडलं होतं. नियम उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं एका पत्रात नीट मांडला आहे. व्हँडल या आक्रमक टोळ्या चाल करून येत असताना पाळकांनी पळावं का, असं त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर असं: शोध फक्त तुझा चालू असेल आणि लोकांची सेवा करायला दुसरे असतील, तर जा, धोका सगळ्यांवर सारखा असेल आणि तुझ्यावाचून लोक उघडे पडणार असतील, तर थांब. हिप्पोला वेढा पडला असताना, ४३० मध्ये, तो तिथेच वारला. तू स्वतःला हाच प्रश्न विचार: मी निघून गेलो तर माझ्या जागी कोण चिरडला जाईल? हाताखालचा कारकून असेल, तर गुपचूप राजीनामा हा मार्ग नव्हे. (घरात मारझोड सोसत राहणं याला मात्र धैर्याचं नाव देऊ नये. तिथून बाहेर पडणं आणि सांगणं यातच धैर्य आहे.)

सराव कंटाळवाणा आहे, पण दुसरा रस्ता नाही. आठवड्यातून एक जेवण सोड. हवंसं वाटणाऱ्या गोष्टीला 'नाही' म्हणायची शरीराला सवय लागते. स्तोत्र २७ पाठ कर, १४च वचनं आहेत. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, पाठ असलेलेच तोंडात येतात. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी शेवटी स्तोत्र ३१ मधलंच वचन होतं. आणि रोज रात्री आज कुठे बोलायला हवं होतं आणि गप्प बसलो, ती एकच जागा आठव. दहा आठवू नकोस, नुसतं खचायला होतं.

आता कचेरीचं. फ्रान्झ येगरस्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्यानं हिटलरसाठी लढायला नकार दिला, पण जखमींची सेवा करायची तयारी दाखवली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या नकाराची हद्द बघ: जे पाप वाटलं तेवढंच नाकारलं, बाकीचं पुढे केलं. तूही तसंच कर. आधी घरच्यांना सांग, नंतर नको. मग साहेबांना एकट्यात भेट. मत्तय १८ मध्ये, भावानं अपराध केला तर पहिली पायरी एकट्यात बोलण्याची, दुसरी एक-दोन साक्षीदारांची, तिसरी मंडळीची. लोक तिसरीपासून सुरू करतात, तीही मोबाइलवर, आणि समोरच्याला मागे फिरायला जागाच उरत नाही. वाक्यं दोनच ठेव: 'या आकड्यांवर मी सही करू शकत नाही. खरे आकडे मांडायला लागेल तेवढा वेळ मी बसेन.' पुढे स्पष्टीकरण देत सुटू नकोस. बोलत राहिलं की माणूस हळूहळू तडजोडीवर येतो. त्याच दिवशी तारीख घालून काय बोलणं झालं ते लिहून ठेव.

राहिली आधीची सही. २५० साली रोमन सम्राट डेकियसनं देवतांपुढे यज्ञ करायची सक्ती केली, तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी यज्ञ न करताच केल्याचा दाखला विकत घेतला. खोटा कागदच तो. २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेनं त्यांना हाकललं नाही आणि 'झालं गेलं' म्हणून सोडलंही नाही; एकेकाचं प्रकरण तपासून परत घेतलं. तुलाही तेच लागू. पाळकांपाशी पाप कबूल कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. तो हिशेब दुरुस्त करण्याची मागणी त्याच भेटीत कर. त्यात तुझ्यावर ठपका येऊ शकतो, म्हणून आधी एखाद्या वकिलाला विचार.

भेटीचा दिवस ठरला की कळव, त्या वेळी आम्ही इथे प्रार्थनेला बसू. आणि पगाराशिवाय घर किती महिने चालेल, तो आकडाही पुढच्या पत्रात लिही. अंदाजे नको, मोजून.

तुझा,
प्रभूमध्ये बंधू