कोविडसारख्या विषाणूच्या साथीचा हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णांवर नेमका काय परिणाम होतो?

२०२० साली मी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या नलिका तपासून बंद पडलेली नलिका उघडतात त्या विभागात, तंत्रज्ञ होतो. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे. विषाणू हृदयाला इजा करतो हे खरेच, परंतु त्या वर्षी झटका आलेल्या माणसांचे त्याहून मोठे नुकसान घरी थांबल्यामुळे झाले.

विषाणूचा भाग आधी सांगतो. तीव्र संसर्गात अंगभर दाह होतो, ताप आणि धाप यांमुळे हृदयाला जादा काम पडते, प्राणवायू कमी मिळतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे हृदयाच्या नलिकेत आधीच साचलेला चरबीचा थर फाटून तेथे गुठळी होण्याचा धोका वाढतो. हे कोविडपुरतेच नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील २०१८ च्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या ७ दिवसांत झटक्याचे प्रमाण सुमारे ६ पट आढळले होते. शिवाय कोविडमध्ये काहींच्या हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढते आणि ईसीजी झटक्यासारखा दिसतो. अँजिओग्राफी केल्यावर मात्र नलिका मोकळ्या निघतात.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. मार्च २०२० मध्ये इटलीत आठवडाभर पाहणी केली, तेव्हा झटक्यासाठी दाखल होणारे रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. नलिका पूर्ण बंद पडून येणाऱ्या झटक्यातील मृत्यूंचे प्रमाण मात्र ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेले होते. आपल्याकडेही १८७ रुग्णालयांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात झटक्यासाठी दाखल होणारे रुग्ण ३५ टक्क्यांनी घटलेले दिसले. झटके तेवढ्या प्रमाणात कमी झाले असतील, असे मी तरी मानत नाही. माणसे घरीच बसली होती.

माझे काका त्यांपैकीच एक. ऑगस्ट २०२० मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात साथ भरात असताना, भुदरगड तालुक्यातील आमच्या गावी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. जबडा आणि डावा हात भरून आला, अंगावरील बंडी घामाने भिजली. माझ्या थोरल्या चुलतभावाने, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, हे पित्त आहे असे ठरवून त्यांना गॅसची गोळी आणि लिंबू-सोडा दिला. माझा फोन आला तेव्हा दादांचे उत्तर ठरलेले होते : ‘‘तिथं नेलं की पॉझिटिव्ह काढतात आणि माणूस परत दाखवत नाहीत.’’ दोन रात्री तशाच गेल्यावर काकांना आडवे पडले की धाप लागू लागली, तेव्हा कुठे गाडी निघाली.

ईसीजीची पट्टी मीच काढली. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-४ या जागांच्या नोंदीत खोल क्यू लहरी उमटल्या होत्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग केव्हाच मेला होता. प्लॅस्टिकच्या पीपीई किटवर क्ष-किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड अंगरखा चढवून मी इतरांची कामे करीत होतो, चष्म्यावर धुके साचत होते. पण माझ्याच काकांसाठी त्या टेबलाचा उपयोग उरला नव्हता, कारण पूर्ण बंद पडलेली नलिका इतक्या उशिरा उघडून मेलेला स्नायू जिवंत होत नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३० टक्केच निघाले. औषधांवर ते सावरले आणि घरी गेले.

ते वाचले, आणि आमचा वाद त्यावरच आहे. दादा आजही भावकीत सांगतात की त्या दिवशी दवाखान्यात नेले असते तर वडील कोरोनाने गेले असते, घरी ठेवले म्हणून जगले. जे काका सत्तरीतही उसाला पाणी पाजायला रात्री-अपरात्री जात, ते आता गोठ्यापर्यंत गेले की खांबाला धरून उभे राहतात आणि संध्याकाळी पायाला सूज येते, याचा हिशेब दादांच्या लेखी कोठेच नाही. तो सरकारी आकड्यांतही नाही, कारण काका कोविडचे रुग्ण नव्हते आणि मृतही नव्हते. साथीचा परिणाम मोजताना अशी माणसे वगळली जातात, म्हणूनच मी हे उत्तर लिहिण्याचे मनावर घेतले.

दादांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे नमूद केले पाहिजे. सुरुवातीच्या महिन्यांत स्वॅबच्या अहवालासाठी काही ठिकाणी झटक्याचे रुग्णही खोळंबून राहिले. परंतु अँजिओप्लास्टीला उशीर होणार असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, ते कॅथलॅब नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणीही देता येते, आणि पहिल्या १२ तासांत, त्यातही पहिल्या २-३ तासांत, त्याचा खरा लाभ होतो. दोन रात्री पित्तावर घालवल्या की तोही मार्ग बंद होतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. तरी एवढे सांगतो की त्या काळी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्यांनी कोविड बळावतो अशी आवई उठली होती आणि कित्येकांनी त्या परस्पर बंद केल्या. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मात्र त्या चालू ठेवण्यासच सांगितले होते. फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण झटक्यानंतर लगेच ती दिलेल्या रुग्णांत पुढील वर्षभरातले मृत्यू कमी आढळले आहेत. काकांना ती द्यावी म्हणून मी दरवर्षी फोन करतो आणि दादा दरवर्षी ‘बघू’ म्हणतात.